जमिनीवर झोपणाऱ्यांचं घर

बदकांचं दुसरं घर बांधून झालं, त्या संध्याकाळी मी त्यात जाऊन आडवी झाले. गाल जमिनीला टेकवला आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. उभं राहून घर कुणीही तपासेल. पण ज्यांच्यासाठी ते बांधलं, त्यांची छाती रात्रभर जमिनीला टेकलेली असते, डोळे आणि नाकपुड्या जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तिथून ते घर कसं दिसतं, कसं लागतं, हे मला कळायला हवं होतं. दाराखालच्या फटीतून गार वाऱ्याची एक बारीक रेघ थेट डोळ्यावर येत होती. उभी असताना ती मला पावलांनासुद्धा जाणवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं काम केलं ते ती फट बुजवण्याचं.

पहिल्या घराच्या वेळी मी अशी आडवी झाले नव्हते. ते घर मुळात कोंबड्यांचं खुराडं होतं. कुणीतरी कोंबड्या पाळणं सोडलं होतं आणि खुराडं रिकामं पडलं होतं. पक्षी तो पक्षी, असं म्हणून मी ते आणलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि पाच बदकं त्यात सोडली. आत आडव्या दांड्या होत्या, वर चढायला छोटी शिडी होती, समोर षटकोनी छिद्रांची ती सगळीकडे मिळणारी जाळी होती. पहिल्या रात्री पाचही जणी दांड्यांखालच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या. मला वाटलं, नवी जागा आहे, चार दिवसांत चढतील वर. त्या कधीच चढल्या नाहीत.

चढणार तरी कशा? कोंबडीचे पूर्वज झाडावर झोपायचे. तिच्या पायाची बोटं फांदीला मिठी मारायला घडलेली असतात आणि अंधार पडला की तिला उंच जागा हवीशी वाटते. बदकाच्या पायाला पडदा असतो. तो पाणी मागे ढकलायला उत्तम, पण दांडी धरायच्या कामाचा नाही. मस्कोव्ही जातीची बदकं तेवढी वेगळी. त्यांचं मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, त्यांना चांगली नखं असतात आणि ती फांदीवर बसतात. बाकी घरोघरची जवळजवळ सगळी बदकं मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून आलेली, आणि ती जमिनीवरच झोपतात.

जमिनीवर झोपतात. माझ्या सगळ्या चुका या दोन शब्दांकडे लक्ष न दिल्यामुळे झाल्या. जे पक्षी उंचावर झोपतात त्यांच्या खुराड्यात तळाशी ओल असली तरी ती त्यांच्यापासून हातभर लांब राहते. जमिनीवर झोपणाऱ्यासाठी तीच ओल अंथरूण असते. रात्री जाळीपाशी येणाऱ्या जनावराचं तोंड नेमकं त्याच उंचीवर असतं ज्या उंचीवर बदकाची मान असते.

ती रात्र कशी गेली ते मला माहीत नाही, कारण मला काहीही ऐकू आलं नाही. सकाळी मात्र पाच जणींतल्या दोघीच उरल्या होत्या. खुराड्याच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, जाळीची तार कुरतडून, वाकवून हाताच्या पंजाएवढं भोक पाडलेलं होतं. तारेच्या टोकांना पिसांचा पांढरा कापूस अडकला होता. मी वाकून तार दोन बोटांत धरली तर ती सहज वाकली. इतकी सहज, की मला रडू येण्याआधी त्या तारेचा राग आला. उरलेल्या दोघींपैकी एकीच्या उजव्या पायाचा पडदा फाटला होता. जखम भरली, पण पडद्याला कायमची खाच राहिली. अजूनही ओल्या मातीत तिचा ठसा वेगळा ओळखू येतो.

षटकोनी छिद्रांची ती जाळी पक्ष्यांना आत ठेवते, जनावरांना बाहेर ठेवत नाही. बदकं पाळायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. दिवसा अंगणाचा एखादा भाग वेगळा करायला ती चालेल. रात्रीच्या घराला हवी ती अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, प्रत्येक सांध्यावर जोडलेली वेल्डमेश जाळी. अर्धा इंच म्हटलं की लोकांना ते फार वाटतं. पण मुंगूस किंवा विझल यांसारखी लांबट, लवचीक जनावरं जिथून डोकं जाईल तिथून आख्खं अंग काढतात. मोठ्या छिद्रांची जाळी असेल तर आत न शिरताही काम होतं. झोपेत जाळीला टेकलेलं बदक बाहेरून पंजा घालून ओढता येतं. आणि ही लांबट जनावरं एकदा आत शिरली की एकावर थांबत नाहीत. समोर फडफड चालू असेपर्यंत मारत राहतात, भुकेचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

जाळी कशी ठोकली आहे, हेही जाळीइतकंच महत्त्वाचं. नुसत्या पिनांनी ठोकलेली जाळी एखादं दणकट कुत्रं दोन झटक्यांत उपटतं. आम्ही जाळीच्या कडेवर लाकडाची पट्टी ठेवली आणि पट्टीतून वॉशर लावून स्क्रू आवळले. मग मी दोन्ही हातांनी जाळी धरून, भिंतीला पाय लावून, सगळं वजन टाकून ओढली. हलली नाही, तेव्हाच पुढच्या भिंतीकडे गेले.

राहिला प्रश्न खालून खणणाऱ्यांचा. जाळी फूटभर खोल पुरायची, हा एक मार्ग. मला दुसरा जास्त पटला. जाळी पुरायची नाही, घराच्या चारही बाजूंनी बाहेरच्या दिशेला दोन फूट जमिनीवर आडवी पसरायची, घट्ट अडकवायची आणि वर माती लोटायची. खणणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी येऊन उकरायला लागतं. तिथे जाळी लागते. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा, हे त्याला सुचत नाही. काही महिन्यांत त्या जाळीतून गवत वर आलं आणि आता ती कुणाला दिसतही नाही. पण एका सकाळी मला तिच्यावर उकरलेली ताजी माती दिसली होती. चार ठिकाणी प्रयत्न झाला होता, चारही भिंतीला लागून. त्या दिवशी मी त्या मातीपाशी बराच वेळ उकिडवी बसून होते.

दुसरं घर बांधायला सुतारदादा आले, तेव्हा पहिला वाद दारावरून झाला.

“ताई, बदकं केवढी आणि दार केवढं मागताय?” त्यांनी टेप उघडून फूटभर अंतर दाखवलं. “एवढ्यातून हंससुद्धा जाईल.”

“दादा, एक बदक जाईल हो. पण ती एकेक करून जात नाहीत.”

“मग कशी जातात?”

“संध्याकाळपर्यंत थांबता का?”

ते थांबले. तोवर दोघींच्या जोडीला चार नव्या आल्या होत्या. सहा जणी दारापाशी आल्या आणि सहाही जणींनी एकाच वेळी आत घुसायचं ठरवलं. खांद्याला खांदा, मान मानेवर, एकीचा पंख चौकटीत अडकलेला, मागची पुढचीच्या पाठीवर. बदकाचे पाय हा त्याचा सगळ्यात नाजूक भाग. जड अंग, आखूड पाय, आणि तेही पोहायला सोयीचे म्हणून शरीराच्या मागच्या बाजूला बसवलेले. अशा चेंगराचेंगरीत पाय मुरगळला की बदक दिवसचे दिवस बसून राहतं. सुतारदादांनी ते सगळं बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दार बसवलं ते त्यांनी स्वतःहून दोन फुटांचं केलं होतं. मी दीडच फूट मागितलं होतं.

उतरणीच्या फळीचंही तसंच. कोंबडी शिडी चढते, बदकाला शिडी नको. आम्ही फळी दोन फूट रुंद घेतली, चढ फुटामागे तीनच इंच ठेवला आणि तिच्यावर खरखरीत रबरी पट्ट्या आडव्या लावल्या. घर जमिनीलगतच बांधलं असतं तर फळीही लागली नसती. पण आमच्याकडे पाणी साचतं म्हणून जोतं थोडं उचलावं लागलं. तुमची जागा उंचवट्यावर असेल तर घर जमिनीसरसंच ठेवा. पायांना तेच बरं.

आणि हो, बदकाला कधीही पायांना धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा पंखांवरून, आणि अंगाशी धरायचं. पाय धरून उचलताना मोडलेले मी पाहिले आहेत.

आता पाण्याबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी अर्धी मेहनत पाण्यातच गेली.

लोक थंडीची काळजी करतात. बदकाच्या घराला थंडीची भीती फार कमी असते. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिचं तेल चोचीने पिसापिसाला लावत ती तासन् तास बसतात. वरच्या पिसांखाली दाट मऊ पिसांचा थर असतो. पायांत गरम रक्त नेणाऱ्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना खेटून जातात, त्यामुळे उष्णता पावलांतून वाया जायच्या आधीच परत अंगात खेचली जाते. म्हणून तर ती बर्फावर उभी राहू शकतात. खरं संकट ओलीचं. बदकाच्या विष्ठेत 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि श्वासातून बाहेर पडणारी वाफ वेगळीच. सहा बदकं रात्रभर बंद जागेत झोपली की सकाळी छताला आतून दव जमलेलं दिसतं. त्या जुन्या खुराड्यात मी थंडी लागू नये म्हणून प्रत्येक फट पोत्याने बंद केली होती. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबायचं. मला वाटायचं, बदकं म्हटल्यावर वास येणारच.

तो अमोनिया होता. ओल्या विष्ठेतून तो तयार होतो आणि डोळ्यांची, श्वासनलिकेची आतली नाजूक त्वचा जाळतो. पक्ष्यांच्या घरात हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग ही वरची मर्यादा मानतात. आपल्या नाकाला तो ठसठशीत जाणवायला लागतो तेव्हा आपण त्या मर्यादेच्या आसपास आलेलोच असतो. आणि आपण नाक घेऊन उभे असतो दारात, ताज्या हवेत. त्यांचं नाक जमिनीपाशी, जिथून तो निघतो तिथेच. म्हणूनच मी आडवी झाले होते.

हवा हवी, पण झोत नको, हे कोडं दिसतं तितकं अवघड नाही. सगळी हवा वरून खेळवायची. नव्या घराला छताखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींत, पूर्ण लांबीच्या सहा इंच उंचीच्या फटी ठेवल्या आणि त्यांवर तीच अर्ध्या इंचाची जाळी मारली. छताची कड भिंतीच्या पुढे काढली, म्हणजे पाऊस आत येत नाही. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खालचे दोन फूट मात्र भिंत सलग, एकही फट नाही. त्या फटी आम्ही कुठल्याच ऋतूत बंद करत नाही. पहिल्या कडक थंडीत घरच्यांनी हट्ट धरला होता, बिचाऱ्या गारठतील म्हणून. मी रात्री उठून आत हात घालून पाहिला. भुसा कोरडा होता, आणि एकीच्या पंखाखाली बोटं सरकवली तर भट्टीसारखी ऊब. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

भुशाचं म्हणाल तर लाकडाचा रंध्याने निघालेला भुसा आम्हाला सर्वांत बरा वाटला. चार बोटं जाड पसरायचा, ओला झालेला भाग उचलायचा, वर नवा टाकायचा. देवदाराच्या जातीचा उग्र वासाचा भुसा मात्र नको, त्यातलं तेल पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. पेंढा चालतो, पण एक काडीही बुरशीची नको. ॲस्परजिलस नावाची बुरशी बदकांच्या श्वासमार्गात वाढते आणि कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पेंढ्याची गासडी आली की मी ती आधी फोडते, आत नाक खुपसते. कुबट वास आला की ती परसातल्या खताच्या खड्ड्यात. जमीन उघडी जाळीची तर मुळीच ठेवू नका. तळव्याला बारीक जखम होते, तिथून जंतू शिरतात, आणि तळव्यावर काळी खपली धरून आत पू होतो. तो बरा करायला महिने जातात.

रात्री आत पाणी ठेवायचं की नाही, यावर बदकं पाळणाऱ्यांत कधीच एकमत होत नाही. मी ठेवत नाही, आणि खाणंही ठेवत नाही. दोन्ही एकत्र, नाहीतर दोन्ही नाही. कोरडं खाणं गिळताना बदकाला घोटाघोटाला पाणी लागतं, नसेल तर घशात अडकतं. वाढलेली बदकं रात्रीचे आठ-दहा तास दोन्हीशिवाय आरामात राहतात. पिल्लांचं तसं नाही. त्यांना पाणी सतत हवं, तेही उथळ. दिवसा मात्र मोठ्यांना डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल भांडं हवंच, कारण नाकपुड्या आणि डोळे ती पाण्यानेच धुतात. ते भांडं घरापासून जितकं लांब, तितकं घर कोरडं. माझं पंचवीस पावलांवर आहे. त्याच्याभोवती गोल गुळगुळीत खडी पसरली आहे, नाहीतर पाणी आणि चोच मिळून आठवड्याभरात तिथे दलदल करतात.

जागेचा हिशोब सोपा आहे. एका बदकाला आत चार चौरस फूट. सहा जणींना चोवीस पुरले असते. आम्ही सहा बाय पाच, म्हणजे तीस केले, कारण पक्षी वाढतात, घर वाढत नाही. उंची बदकांना तीन फूट पुष्कळ. पण साफ करणार आहे ते माणूस. ज्या घरात वाकून, रांगत, खरडत साफसफाई करावी लागते ते घर पहिला महिना रोज साफ होतं आणि मग हळूहळू होत नाही. आमचं छत एका बाजूने बिजागरीवर उघडतं. फावडं थेट आत जातं.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, ती सांगते. सुतारदादांचं काम संपलं, घर झाडून झालं, जमीन स्वच्छ दिसत होती. बदकं आत सोडायच्या आधी मला आठवलं की चकाकणारी प्रत्येक गोष्ट बदक उचलून गिळतं. खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा, काहीही. पक्ष्याच्या पोटातल्या दगडी जात्यासारख्या पेषणीत तो तुकडा अडकतो, आणि जाळीच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो. पोटातल्या आम्लात ते जस्त विरघळून रक्तात जातं, त्याची विषबाधा जिवावर बेतते. मी एका जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधलं आणि ते घराच्या आत, मग बाहेर दहा पावलांपर्यंत, भात कापणाऱ्यासारखी पट्ट्यापट्ट्याने ओढत गेले. दर दोन पट्ट्यांनी चुंबक उचलून पुसलं. अकरा तुकडे निघाले. त्यांतले सात जाळी कापताना उडालेल्या तारांचे, नखाएवढे, गवतात अजिबात न दिसणारे. चार दिवसांनी पाऊस पडून गेल्यावर परत फिरवलं, आणखी दोन निघाले. त्यानंतर घराला कुठलीही दुरुस्ती झाली की चुंबक फिरतं.

संध्याकाळ हा बदकं पाळण्यातला माझा सगळ्यात आवडता वेळ, आणि सगळ्यात जबाबदारीचाही. कोंबड्या अंधारू लागलं की आपापल्या पायांनी घरी येतात. बदकांना अंधाराचं वावडं नाही. त्यांना मंद उजेडात छान दिसतं, रानातली बदकं तर रात्रीही चरतात. चांदणं असलं की आमच्या सहा जणींना घरी यायचं कारणच उरत नाही. म्हणून आपोआप मिटणारं दार मी बसवलं नाही. ते वेळेवर मिटेल, पण बदकं बाहेरच असतील.

त्यांना डालावं लागतं. मी दोन लांब, लवचीक काठ्या घेते, एकेक हातात. काठी मारण्यासाठी नसते, हात लांब करण्यासाठी असते. दोन्ही हात पसरून मी त्यांच्या मागे, बऱ्याच मागे उभी राहते. मग एक पाऊल. थांबायचं. कळपाच्या माना वर होतात, सगळ्या एका दिशेला वळतात, चालू लागतात. डावीकडची कडेला निघाली की डावी काठी फक्त थोडी बाहेर न्यायची. बदकं कळप सोडत नाहीत, हीच त्यांची सर्वांत मोठी सोय. मेंढ्यांची राखण शिकणाऱ्या कुत्र्यांना पहिले धडे अनेकदा बदकांवरच देतात ते यासाठीच. पण घाई केली, एक पाऊल जास्त टाकलं, की कळप दुभंगतो, आणि दुभंगलेला कळप परत जोडायला अर्धा तास जातो. सगळा दिवस घाईत गेलेला असला तरी त्या दहा मिनिटांत मला सावकाश व्हावंच लागतं. त्या आत गेल्या, दार लावलं, की मोजायच्या. सहा. मी मोठ्याने मोजते.

मग कडी. साधी सरकती कडी अमेरिकेतल्या रॅकूनसारखं जनावर पुढच्या पंजांनी उघडतं, आणि धक्के देत राहिलं तर कुत्र्यालाही ती कधीतरी जमते. आमच्या दाराला कडी-कोयंडा आहे आणि कोयंड्यात गिर्यारोहकांच्या दोराला असते तसली स्प्रिंगची कडी. ती उघडायला दाबावं लागतं आणि त्याच वेळी काढावंही लागतं. पण जगातली कुठलीही कडी ती लावली तरच कडी. माझा नियम आहे, रात्री दात घासायच्या आधी एकदा टॉर्च घेऊन दारापर्यंत जायचं, कडी हाताने ओढून पाहायची. नजरेने नाही, हाताने. पाहुणे असोत, पाऊस असो, अंगात ताप असो. मला जमणार नसेल तेव्हा घरातलं दुसरं कुणीतरी जातं आणि परत येऊन “ओढून पाहिली” असं म्हणतं. “लावलेली आहे” हे उत्तर आमच्याकडे चालत नाही.

सकाळी मी साधारण आठला दार उघडते. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळच्या सुमारास देतात. लवकर सोडलं की अंडी झुडपात, चिखलात, कुठेही. आत एका कोपऱ्यात जमिनीवरच फूटभर चौकोनाची, पुढून उघडी पेटी ठेवली आहे. दोघी-तिघी ती वापरतात, बाकीच्या भुशात खळगा करून अंडं त्यात पुरतात. म्हणून फावडं मारायच्या आधी हाताने चाचपावं लागतं.

घराबाहेरच्या दिवसाच्या कुंपणाला वरूनही जाळी आणि अर्ध्या भागावर पत्रा आहे. ससाणा, घार यांच्यासाठी जाळी. पत्रा कशाला, ते लोकांना कळत नाही. बर्ड फ्लूचे विषाणू रानटी पाणपक्ष्यांतून येतात आणि त्यांची विष्ठा वरून पडते. आज ज्याची धास्ती आहे त्या एच5एन1 विषाणूचा वंश 1996 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसात सापडला होता. बदकाला लागण झाली तरी अनेकदा ते वरून धडधाकट दिसतं. म्हणून त्यांचं खाणं पत्र्याखाली, आणि कुंपणात जायच्या माझ्या चपला वेगळ्या. तेवढं आपल्या हातात आहे.

आमच्या सहाही जणी खाकी कॅम्पबेल जातीच्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या अडेल कॅम्पबेल यांनी रनर आणि रुआँ या पाळीव जाती आणि रानातलं मॅलार्ड यांच्या संकरातून ही जात तयार केली. अंड्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. मला तिच्यातला मॅलार्डचा अंश महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारण झोप.

1999 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मॅलार्डच्या झोपेवरचा एक अभ्यास आला. रॅटनबर्ग, लिमा आणि ॲमलेनर या संशोधकांनी चार-चार बदकं ओळीने झोपवून त्यांच्या डोळ्यांवर आणि मेंदूवर लक्ष ठेवलं. पक्ष्यांना मेंदूचा एक अर्धा भाग झोपवून दुसरा जागा ठेवता येतो, आणि जागा असलेल्या अर्ध्या भागाचा डोळा तेव्हा उघडा असतो. मधली दोन बदकं सहसा दोन्ही डोळे मिटून झोपायची. टोकांची दोन अशी अर्धी झोप मधल्यांच्या अडीचपट घ्यायची. आणि उघडा डोळा बहुतेक वेळ बाहेरच्या बाजूचा, जिकडे सोबत कुणी नाही तिकडचा.

हे वाचल्यावर त्या पाच जणींतली त्या रात्री टोकाला कोण होती, हा प्रश्न माझ्या मनात फार दिवस राहिला. तिने ते जनावर येताना पाहिलं असणार. जाळी कुरतडायला वेळ लागतो. तिच्याजवळ उघडा डोळा होता, आणि जायला जागा नव्हती.

आता रात्री कडी ओढून झाली की मी वरच्या जाळीतून एकदा आत बघते. टॉर्चवर लाल कागद लावलेला असतो, त्या मंद उजेडात त्या बिचकत नाहीत. सहा जणी भुशात रुतून बसलेल्या असतात, चोची पाठीवरच्या पिसांत खुपसलेल्या. दाराजवळची जागा कायम एकीचीच, पडद्याला खाच असलेलीची. तिला तिथून मी कधीच हलवलेलं नाही, तीच ती जागा घेते. परवा रात्री मी पाहिलं तेव्हा तिचा दाराकडचा डोळा उघडा होता, काळा, ओला, लाल उजेडाचा एक ठिपका त्यात. बाकीच्या पाचही जणींचे मिटलेले. मी टॉर्च विझवला आणि तिथेच उभी राहिले. आत भुशाची सळसळ झाली. पुन्हा लावून पाहिला तर ती उठली होती. तिने जागच्या जागी अंग फिरवलं, पाय पोटाखाली घेतले, चोच पुन्हा पिसांत घातली. आता दाराकडे तिचा दुसरा डोळा होता.